अकरा जणांचं टेबल आणि निवलेली भाकरी

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका नव्या, महागड्या रेस्टॉरंटमध्ये गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री मी जेवायला गेलो होतो. आमचं टेबल अकरा जणांचं. पूर्व भागातलं एक कुटुंब वीस वर्षं माझं शेजारी होतं. त्यांच्या आजींना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून नातवाने सगळ्यांना नेलं आणि मलाही आग्रहाने बोलावलं. खिडकीशी दोघांचं टेबल होतं. अक्कलकोटला दर्शन करून आलेलं पुण्याचं जोडपं, सकाळच्या वंदे भारतने परतणारं. निघताना त्यातले काका मॅनेजरला म्हणाले, "अशी भाकरी आम्ही आजवर कुठं खाल्ली नाही हो." ते दाराकडे वळले आणि आमच्या टेबलावर आजींनी भाकरीचा तुकडा मोडायला घेतला. तो मोडला नाही, ताणला गेला. आजींनी तो रश्श्यात बुडवून ठेवला आणि पुढे भातच खाल्ला.

स्वयंपाकघर एकच, पीठ एकच, थापणाऱ्या मावशीही त्याच. मग एका टेबलावर इतकं कौतुक आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या टेबलावर आजी भाकरीविना, असं का झालं, याचा शोध मला पुढे दीड-दोन महिने घ्यावा लागला. तो इथे सविस्तर मांडतो आहे, कारण सोलापुरात अशी रेस्टॉरंट आता वाढत आहेत आणि प्रत्येक ठिकाणी हाच वाद ऐकू येतो.

आधी रेस्टॉरंटबद्दल. मालकाचं घराणं टॉवेलच्या धंद्यातलं. त्याने वेगळं काही करायचं म्हणून ऐंशी माणसांची बैठक उभी केली. कल्पना मला मनापासून आवडलेली होती आणि आजही आवडते. शेंगाची चटणी, शेंगाची भाजी, मटणाचं सुक्कं, धपाटे, खपली गव्हाची हुग्गी हे सगळं पांढऱ्या शुभ्र टेबलक्लॉथवर, नीट प्रकाशात, सन्मानाने वाढायचं. आपल्याकडे पाहुणे आले की पनीरच्या भाज्या आणि नान समोर ठेवण्याची सवय लागलेली आहे. त्या सवयीला या पोराने पैसे घालून उत्तर दिलं. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, २०१६ मध्ये जिला भौगोलिक मानांकन मिळालं ती. मेनूकार्डावर तसं अभिमानाने छापलं होतं.

पण गिऱ्हाइकांचं मत दुभंगलेलं होतं. कुणी म्हणायचं, सोलापुरात असं काही निघेल असं वाटलं नव्हतं. कुणी म्हणायचं, नाव मोठं, भाकरी गार, बिल भलं थोरलं. मधलं मत जवळपास नव्हतंच.

तिथला मॅनेजर माझा विद्यार्थी. मी उमेदीची बरीच वर्षं हॉटेल मॅनेजमेंट शिकवण्यात घालवली. त्या शनिवारी त्याने माझा चेहरा वाचला असावा. आठवड्याने फोन आला, "सर, मालकांना तुमच्याशी बोलायचंय. एकदा येऊन बघा ना."

मालकाने पहिल्याच भेटीत त्याचं निदान ऐकवलं. "सर, पुण्या-मुंबईचे लोक खूश होऊन जातात. तक्रार करतात ते आपलेच. आपल्या लोकांना पन्नास रुपयांत मटण-भाकरी पाहिजे. वातावरणाचे पैसे द्यायची सवयच नाही."

मला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर लागलं. त्या रात्रीच्या आजींनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. नातवाने आपल्या पगारातून बिल भरलं आणि कुणी रुपयाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण रागावून उपयोग नव्हता. मी म्हटलं, मला मॅनेजरची वही द्या आणि दोन शनिवार-रविवार स्वयंपाकघरात उभं राहू द्या.

वही चांगली ठेवलेली होती. टेबल नंबर, किती माणसं, किती वाजता बसली, जाताना काय म्हणाली. मालक ही वही गावाप्रमाणे वाचत होता, पाहुणे बाहेरचे की इथले. मी तीच वही वेळ आणि माणसांची संख्या धरून वाचली आणि चित्र पालटलं. साडेसातला आलेलं जुळे सोलापूरचं जोडपं पुणेकरांइतकंच खूश होतं. विजापूर रस्त्यावरचे एक डॉक्टर दर बुधवारी पत्नीला घेऊन यायचे आणि दर वेळी कौतुक करून जायचे. उलट तुळजापूरहून परतणारं मुंबईचं नऊ जणांचं कुटुंब रविवारी रात्री नऊला बसलं होतं, त्यांची तक्रार आमच्या टेबलाशी शब्दन् शब्द जुळत होती. भाकरी गार, वातड, उशीर. म्हणजे गावाचा संबंधच नव्हता. सहापेक्षा मोठं टेबल आणि साडेआठनंतरची वेळ, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तक्रार ठरलेली.

आता आमच्या रात्रीकडे येतो, कारण त्या रात्रीच्या केओटी जपून ठेवलेल्या होत्या. केओटी म्हणजे कॅप्टनने लिहिलेली ऑर्डर ज्या चिठ्ठीवर स्वयंपाकघरात जाते ती. तिच्यावर वेळ छापलेली असते. आमची ८ वाजून ३४ मिनिटांची. त्यात अठरा भाकऱ्या. आमच्या आधी दुसऱ्या टेबलांच्या बावीस भाकऱ्या रांगेत होत्या. दोन मावशी, प्रत्येकीपुढे एक तवा. मी घड्याळ लावून पाहिलं: थापणं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवणं, उलटणं, मग जाळावर फुगवणं, सगळं मिळून दोघींकडून मिनिटाला एक भाकरी निघते. तीही पीठ साथ देत असेल तर. म्हणजे आमची पहिली भाकरी नऊला दोन मिनिटं कमी असताना जाळावरून उतरली असणार आणि अठरावी सव्वानऊनंतर. सुक्कं आणि रस्सा पावणेनऊच्या सुमारासच तयार होऊन पासवर थांबले होते. पास म्हणजे जिथून वेटर ताटं उचलतो तो कट्टा. सगळं एकदम टेबलावर लागलं ते ९ वाजून १९ मिनिटांनी.

आमची पहिली भाकरी वीस मिनिटं डब्यात होती.

ज्वारीत गव्हासारखा चिवट धागा नसतो. पिठाला बांधून ठेवतं ते गरम पाणी, त्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि गोळा एकजीव होतो. जाळावर भाकरी फुगते, वरचा पापुद्रा सुटतो, आणि ती जी खरपूस, मऊ गोडी असते ती तेवढ्या चार-पाच मिनिटांची. झाकणबंद डब्यात तिला घाम सुटतो. तो घाम पापुद्र्यात मुरतो, भाकरी ओलसर होते आणि निवताना वातड. नानचं तसं होत नाही. मैदा आणि वरचं बटर त्याला थोडं सावरून धरतात. या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर नानच्या हिशोबाने बांधलेलं होतं. दोन मोठे तंदूर, त्यातला एक बहुतेक रात्री रिकामा. भाकरीसाठी कोपऱ्यात दोन शेगड्या.

मालकाला मी त्याच्याच धंद्याच्या भाषेत विचारलं. दोन लूमवर रात्रीत जितका माल निघतो त्याच्या दुपटीची ऑर्डर घेतलीस तर काय होईल? तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "दोनच तवे आहेत होय." त्याच्या स्वयंपाकघरात त्याच्याच मेनूचा मुख्य पदार्थ किती वेगाने तयार होतो, हे कुणी मोजलंच नव्हतं.

पण तव्यांची संख्या हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा माझ्या वर्गातून आलेला होता.

एका टेबलावरच्या सगळ्यांची ताटं एकाच वेळी लागली पाहिजेत, हा मोठ्या हॉटेलांचा पहिला धडा. मी तो वर्षानुवर्षं शिकवला, परीक्षेत विचारला, चुकणाऱ्याचे गुण कापले. मॅनेजर तोच धडा निष्ठेने पाळत होता. अकराव्या माणसाची भाकरी तयार होईपर्यंत पहिल्याची धरून ठेवायची. दोघांच्या टेबलाला याचा त्रास होत नाही, दोन मिनिटांत दोन भाकऱ्या निघतात आणि दोघांपुढे गरमच जातात. खिडकीतल्या जोडप्याला असंच मिळालं, तेही पावणेआठला, रांगेत कुणी नसताना. माणसं जितकी जास्त, तितकी भाकरी जुनी. शिष्टाचार जितका कडक पाळाल तितकं जेवण बिघडणार.

सोलापूरच्या खानावळीत हा नियम कुणी पाळला नाही. ताटात आधी कालवण पडतं, कांदा-लिंबू येतो, आणि भाकरी तव्यावरून उतरेल तशी ज्याचं ताट रिकामं त्याला मिळते. घरीही तेच. चुलीपुढे बसलेली बाई एकेक भाकरी पुढे सरकवते आणि जेवणारा हातातली संपेपर्यंत दुसरीची वाट पाहतो. भाकरीने आपली वाढायची रीत ठरवलेली आहे. आपण भाकरी उचलून शुभ्र टेबलक्लॉथवर आणली आणि रीत मागेच ठेवली.

पिठाचंही एक प्रकरण निघालं. दुसऱ्या शनिवारी मी मावशींच्या मागे उभा होतो. गोळा मळून झाला, थापायला घेतला आणि तिसऱ्या-चौथ्या थापेलाच कडा फुटायला लागल्या. मावशींनी ओल्या बोटाने कडा जुळवल्या, पुन्हा थापली, पुन्हा फुटली. "पिठात विरीच न्हाई सर," त्या म्हणाल्या, "मी कवाचं सांगलालेय ह्यांना." ज्वारी उत्तम होती, पण महिन्याचं पीठ एकदम दळून पोत्यात ठेवलं होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे थापताना पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, जाते. उन्हाळा लागल्यावर तर आठवड्यातच फरक पडतो. प्रत्येक भाकरीला दुरुस्तीची वीस-पंचवीस सेकंदं जास्त जात होती, आणि चाळीस भाकऱ्यांच्या रांगेत ती सेकंदं किती होतात ते सांगायला नको. मावशींनी हे मुख्य शेफला तीनदा सांगितलं होतं. शेफ बाहेरचा, कामात हुशार, पण भाकरी त्याच्या हातची गोष्ट नव्हती आणि त्याने ते बोलणं मनावर घेतलं नाही. कुठल्याही स्वयंपाकघरात ज्याच्या हातात काम आहे त्याचं म्हणणं वर पोचलं नाही की असंच होतं. या एका गोष्टीसाठी मी मालकावर थोडा आवाजही चढवला.

बिलाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तोही सांगायलाच हवा. आमचं बिल ८,४६० रुपयांचं. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ८४६ रुपये. मग या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. एकूण ९,७७१. नातवाने मुकाट्याने भरलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट सूचना काढल्या आहेत: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, नाव बदलूनही घेता येत नाही. द्यायचा की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. कुणी लावलाच तर काढून मागावा, ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. मालकाचं म्हणणं होतं की ते पैसे पोरांनाच जातात. जात असतीलही. मग पोरांचे पगार वाढव आणि ते मेनूच्या दरात धर, एवढंच माझं उत्तर. पण त्या रात्री मी टेबलावर बसलेलो असताना हे बोललो नाही. आजींचा दिवस होता, वाद नको म्हणून गप्प बसलो. बोलायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट बिलात होती. भाकरी ४५ रुपयांना एक, मोजून. कॅप्टन प्रत्येकाला नम्रपणे विचारत होता, "एक्स्ट्रा भाकरी चार्जेबल असेल, मागवू?" पंच्याहत्तरीच्या जेवणात यजमानाच्या देखत प्रत्येक पाहुण्याला असं विचारलं की कुणीच हो म्हणत नाही. आपल्याकडे जेवणाची प्रत वाढणाऱ्याच्या आग्रहावरून ठरते. ताटातली भाकरी संपत आली की दुसरी येऊन थांबलेली असावी, नको म्हणायची संधी जेवणाऱ्याला मिळावी.

मग मी आजींकडे गेलो. त्यांच्या घरची गोष्ट लिहिणार असेन तर विचारायला हवं होतं. त्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. रेस्टॉरंटचा विषय काढल्यावर म्हणाल्या, "चांगलं हाय की. दिवे छान होते. पोरगं हौसेनं नेलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटलं होतं, एक दिवस तरी आयती गरम भाकरी खाईन."

मी विचारलं, घरी गरम खात नाही का? त्या हसल्या. घरात कायम आठ-दहा माणसं. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या बसायच्या, तवा उतरलेला असायचा आणि ताटात टोपलीतली तळाची भाकरी. लग्न झाल्यापासून असंच. सूनबाई आता म्हणते आधी बसा, पण सवय जात नाही.

मी वहीत जे दोन महिने शोधत होतो त्यात हे कुठेच नव्हतं. त्या रात्री टेबलावर अकरा जण होते, त्यातल्या दहांना घरी कधी ना कधी गरम भाकरी मिळालेली होती. जिच्यासाठी आम्ही गेलो तिच्या ताटात तिथेही वीस मिनिटांची शिळी भाकरी पडली.

मालकाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ टेबलावरचं मीठ इकडून तिकडे सरकवत राहिला. पुढच्या सोमवारी त्याने दुसरा तंदूर काढून टाकला.

त्या जागेवर आता भाकरीचा कट्टा आहे, काचेतून बैठकीतून दिसणारा, तिसऱ्या शेगडीसकट. भाकरीचा डबा गेला. जाळावरून उतरलेली भाकरी वेटर थेट ज्याच्या ताटात जागा आहे त्याच्याकडे नेतो, आणि ऑर्डर घेतानाच कॅप्टन सांगतो की भाकऱ्या एकेक करून गरम येतील, एकदम येणार नाहीत. पीठ आठवड्यातून दोनदा जवळच्या गिरणीतून दळून येतं. ते आणायचं की नाही हे मावशी ठरवतात, शेफ ठरवत नाही. थाळीबरोबर भाकरी हवी तितकी. सर्व्हिस चार्ज काढला, थाळीचा दर थोडा चढवला. आणि बसल्या बसल्या टेबलावर कडक भाकरीचे तुकडे, दही आणि शेंगाची चटणी येते. ही सूचना मॅनेजरची होती आणि सगळ्यात नेमकी ठरली. कडक भाकरी आपल्याकडे टिकण्यासाठीच करतात, तिला थांबायची भीती नाही. मोठं टेबल आता अर्धा तास थांबलं तरी हात रिकामे राहत नाहीत.

एक सूचना मी हट्टाने करून घेतली. मोठ्या टेबलाची ऑर्डर घेताना कॅप्टन विचारतो, आज कुणाचं काय आहे. पहिली भाकरी त्या ताटात जाते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मॅनेजरच्या वहीत भाकरी गार असल्याच्या तक्रारी खूप कमी झाल्या आहेत, पण नव्या सुरू झाल्या आहेत. एका जोडप्याने लिहिलं की नवऱ्याची भाकरी आली तेव्हा बायकोचं ताट रिकामं होतं, महागड्या ठिकाणी असं शोभत नाही. त्यांचंही चूक नाही, म्हणून आता दोघांच्या टेबलाला दोन भाकऱ्या जोडीनेच जातात. एका कुटुंबाला थापण्याचा आवाज नको होता. उलट खिडकीतलं टेबल सोडून कट्ट्याजवळच बसायचं असा आग्रह धरणारेही आहेत. विजापूर रस्त्यावरचे डॉक्टर थाळीचा दर वाढल्यावर एकदा बोलले, पण बुधवार चुकवत नाहीत.

खरी अडचण माणसांची आहे. तिसरी शेगडी आहे, तिच्यापुढे उभी राहणारी तिसरी मावशी मिळत नाही. चांगली भाकरी थापणाऱ्या बाया कडक भाकरीच्या घरगुती कारखान्यांत काम करतात, घरबसल्या, आपल्या वेळेने. रात्री साडेदहापर्यंत थांबायला, तेही मे महिन्यात बाहेर पारा चाळीसच्या वर असताना जाळापुढे, त्या का येतील? मालकाने पगार वाढवला, रात्री घरी सोडायला रिक्षा ठरवली, कट्ट्यावर मोठा एक्झॉस्ट बसवला. एक बाई आल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतलेला एक पोरगा आता मावशींकडे शिकतो आहे. मी त्याला नान, रुमाली, पराठा सगळं शिकवलं होतं, भाकरी आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. त्याच्या भाकरीच्या कडा अजून फुटतात. मावशी म्हणतात, दिवाळीपर्यंत येईल हाताला.

तोवर शनिवारी आणि रविवारी साडेआठनंतर आठपेक्षा मोठं टेबल घेऊ नये, असं मी लिहून दिलं आहे. मालकाने अजून होकार दिलेला नाही. त्याच दोन रात्रींवर त्याचा महिना चालतो, हे मलाही कळतं.